वर्गणीची वही

मंडळी, कर्जत-खालापूरकडे भातलावणीला सगळी वाडी एकत्र; पण निवडणूक आली की बौद्धवाडीत भावाभावांत अबोला. युती ठरते मुंबईत!

बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली १४ ऑक्टोबर १९५६ ला. रिपब्लिकन पक्ष निघाला १९५७ साली. म्हणजे धम्म आधीचा. पुढे पक्षाचे गट पडले. कुणी काँग्रेसबरोबर गेले, २०११ साली रामदास आठवले शिवसेना-भाजपबरोबर गेले, २०१९ च्या लोकसभेला प्रकाश आंबेडकरांनी ओवेसींच्या पक्षाशी जमवलं. ज्याला जे पटेल त्याला त्यानं मत द्यावं. पण त्यापायी जयंतीच्या मिरवणुका दोन का? (बँडवाल्याचं फावतं, एवढंच.) म्हातारी आजी त्रिशरण म्हणायला विहारात येते. तिला कुणी गट विचारू नये. येत्या बुद्धपौर्णिमेला वर्गणीची वही तरी एकच ठेवा.