वैरी मैदानात नव्हताच

1 ऑक्टोबर 2022 च्या रात्री इंडोनेशियातील मलंग परिसरात फुटबॉलचा सामना पाहायला गेलेली 135 माणसे जिवाला मुकली. घराघरांत फुटबॉलवेडी मुले असलेल्या आपण पालकांनी ही घटना नीट समजून घ्यावी अशी आहे.

मलंगचा अरेमा आणि सुराबायाचा पर्सेबाया, दोघेही पूर्व जावाचे संघ. त्यांच्या समर्थकांचे हाडवैर जुने. मारामाऱ्या, दगडफेक यांचा इतिहास मोठा. म्हणून त्या रात्री कांजुरुहान स्टेडियममध्ये पर्सेबायाच्या समर्थकांना प्रवेशच दिला नव्हता. भांडायला समोर कोणी नव्हते, तरी अनर्थ झाला.

अरेमा 3-2 असा हरला आणि त्याचे समर्थक मैदानात उतरले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. बसलेल्या प्रेक्षकांच्या दिशेनेही सोडला. फिफाच्या नियमांत स्टेडियममध्ये अश्रुधुराला मनाई आहे. घाबरलेले लोक दारांकडे धावले. दारे अरुंद, काही बंद. तिथे चेंगरून, गुदमरून माणसे गेली. त्यांत लहान मुले होती आणि दोन पोलीसही होते. पुढे खटले चालले, काही आयोजक आणि पोलीस अधिकारी दोषी ठरले.

पोलिसांचा दोष मोठाच. पण वर्षानुवर्षे दंगा पाहिलेल्या पोलिसाला गर्दीत बाप-लेक दिसेनासे होतात, फक्त दंगेखोर दिसतात. मूठभर टोळक्यांनी कमावलेल्या बदनामीची किंमत अशी निरपराधांनी मोजली.

त्यानंतर सुराबायात पर्सेबायाच्या समर्थकांनी मलंगच्या मृतांसाठी जमून दुआ केली. कालचे वैरी आज एकाच दुःखात उभे राहिले. हे आधी का सुचू नये?

आपल्याकडे कोल्हापुरातही तालमींच्या सामन्यांत ईर्ष्या हाणामारीपर्यंत गेली आहे. तरुण पोराला आपले म्हणणारा गट हवा असतो, त्यात गैर काही नाही. बिघडते ते दुसऱ्याला शिवी दिल्याशिवाय आपलेपणा सिद्ध होत नाही, असे वाटू लागले की.

म्हणून मुलगा सामना पाहून आला की कोण जिंकले, एवढेच विचारून थांबू नका. तिथे घोषणा कोणत्या दिल्या, तेही विचारा. तो उत्तर द्यायला कचरला, तर जेवताना शांतपणे बोलायला हीच वेळ आहे.