बाजार आलाच नाही, दरवाढ मात्र आली

मोबाइलचे दर बाजारात ठरतात, सरकार त्यात पडणार नाही, असा खुलासा केंद्रीय दूरसंचार खात्याने जुलै 2024मध्ये केला. तीन खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत पाठोपाठ दरवाढ जाहीर केली, त्यावर उठलेल्या ओरडीला दिलेले हे उत्तर. मोबाइल इंटरनेटचा वेग सेकंदाला 100 मेगाबिटवर गेला आणि देश जगात 15व्या क्रमांकावर आला, असेही त्यात सांगितले होते. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, कोरची आणि चंद्रपुरातल्या जिवती या तालुक्यांत राहणाऱ्या माणसाचा हा सरळ अपमान आहे. जो बाजार त्याच्या गावात कधी आलाच नाही, त्या बाजाराचे नाव सांगून त्याच्याकडून वाढीव पैसे घेतले जात आहेत.

बाजार म्हणजे एका दुकानात भाव वाढला तर शेजारच्या दुकानात जाता येणे. नागपुरात ते जमते. आलापल्ली सोडून आत गेले की बहुतेक गावांत लागला तर एकाच कंपनीचा टॉवर लागतो, आणि कित्येक टोले, माणिकगड डोंगरावरचे कित्येक कोलामगुडे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, असे आहेत की तिथे कुणाचाच लागत नाही. सिमकार्ड बदलून माणसाने जायचे कुठे? 28 दिवसांचा सर्वांत साधा रिचार्ज तेव्हा एका कंपनीने 155 रुपयांवरून 189 वर नेला. वर्षाला असे तेरा रिचार्ज करावे लागतात, म्हणजे जवळपास साडेचारशे रुपयांचा वाढीव बोजा. आणि महिन्यातले वीस दिवस रेंज नसली तरी 28 दिवसांची मुदत संपायची ती संपतेच.

रेंज कशी भेटते तेही दिल्लीने पाहावे. गावाबाहेरच्या टेकाडावर मोहाच्या एका झाडाखाली दोन-चार पावलांची जागा असते. तिथे फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत फोन टांगून ठेवतात. वाजला की ज्याचा असेल त्याच्या नावाने हाक जाते. रेशन दुकानदार अंगठ्याचे मशीन घेऊन याच टेकाडावर चढतो आणि त्याच्यामागे म्हाताऱ्या बाया चढतात. रोजगार हमीची हजेरी ॲपवर. फोटो वर चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. 2024मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, त्यांनाही ॲप. सरकारने आपला सगळा कारभार मोबाइलवर नेऊन ठेवला आणि तो मोबाइल मात्र बाजाराच्या हवाली केला. या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत.

ही फसवणूक आजची नाही. 1994च्या दूरसंचार धोरणाने 1997पर्यंत प्रत्येक गावात फोन देण्याचे वचन दिले होते. खासगी कंपन्यांना परवाने देताना गावांत सार्वजनिक फोन बसवण्याची अट घातली. कंपन्यांनी शहरे घेतली आणि गावे सोडली. अट पाळण्यापेक्षा दंड भरणे त्यांना परवडले. मग 2002पासून कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के रक्कम वेगळी काढून ग्रामीण सेवेचा निधी उभा राहिला. हा पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातला. भामरागडचा माडिया आदिवासी तरुणही प्रत्येक रिचार्जमधून तो भरतो आहे. 26 जून 2024ला या निधीचे नाव बदलून ‘डिजिटल भारत निधी’ झाले. नाव बदलून टॉवर उभा राहत नाही. नोव्हेंबर 2021मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांतील 7,287 गावांसाठी 6,466 कोटी मंजूर झाले. गडचिरोली त्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. काम 18 महिन्यांत व्हायचे होते.

टॉवर नसण्याला कारणे सांगितली जातात. नक्षलवाद्यांनी टॉवर जाळले हे खरे. पण जिथे आज पोलीस मदत केंद्र आहे, रस्ता आहे, लोहखनिजाचे ट्रक धावतात, तिथेही हेच कारण किती वर्षे ऐकायचे? वनजमिनीची सबब तर अजिबात सांगू नये. वनहक्क कायद्यानेच दूरसंचाराच्या तारांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची सोय केली आहे. बांबू आणि तेंदूचे व्यवहार स्वतः करणाऱ्या इथल्या ग्रामसभा तो ठराव एका बैठकीत करून देतील. मागायला कुणी आले तर पाहिजे.

एसटी तोट्यात का होईना आत जाते. बाजारावर सोडली असती तर भामरागडला एकही गाडी लागली नसती. फोनसाठी असे करणारी एकच संस्था होती, बीएसएनएल. तिला कित्येक वर्षे 4जीविना ताटकळत ठेवून जंगलातले तिचे टॉवर 2जीवर अडकवले. वीज गेली, बॅटरी उतरली की तेही मुके होतात. ऐन पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटते, तेव्हा गरोदर बाईसाठी रुग्णवाहिकेला फोन लागत नाही. तो वेग आणि तो 15वा क्रमांक त्या बाईच्या काय कामाचा?

सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या टॉवरवर कुठल्याही कंपनीचे सिम चाललेच पाहिजे, अशी सक्ती सरकारने आजच करावी. ज्याला इंटरनेट मिळतच नाही त्याला ते विकत घ्यायला लावू नये. फक्त बोलण्याचा स्वस्त रिचार्ज प्रत्येक कंपनीला ठेवायला लावावा. आणि एक काम संसदेतही व्हावे. प्रतिभा धानोरकर आणि डॉ. नामदेव किरसान या इथल्या दोन्ही खासदारांनी गडचिरोली आणि चंद्रपूरची तालुकावार यादी सभागृहात मागावी: निधीतून किती टॉवर मंजूर झाले, किती उभे आहेत, त्यांतले किती चालू आहेत आणि कोणत्या तारखेपासून.