घरपोच मालाचा वायदा आणि मनोरीची खाडी

मार्वेच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडील मनोरी हाकेच्या अंतरावर दिसते. फेरीबोटीने पलीकडे जाण्यास काही मिनिटे पुरतात. माणसांबरोबर दुचाकी वाहनेही त्याच बोटीतून जातात. पण खाडी टाळून रस्त्याने जायचे, तर दहिसर, भाईंदर, उत्तन आणि गोराई असा मोठा वळसा घ्यावा लागतो. गाव बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने पत्त्यात मात्र 'मुंबई' असेच लिहिले जाते. परिणामी, दूरच्या शहरातून ऑनलाइन माल विकणाऱ्याला मनोरी ही अंधेरी किंवा मुलुंडइतकीच सोयीची वाटते आणि 'मुंबईत तीन दिवसांत घरपोच' हे आश्वासन तो मनोरीच्या ग्राहकालाही निःशंकपणे देऊन टाकतो. आश्वासन देणाऱ्याने खाडी पाहिलेली नसते; ज्याला ते मिळाले, त्याला ती रोज ओलांडावी लागते.

ही गोष्ट एका गावापुरती असती, तर तिची चर्चा करण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत 'ड्रॉपशिपिंग' या नावाने जो व्यापार रूढ झाला आहे, त्याचा सारा डोलारा अशा आश्वासनांवरच उभा आहे. या व्यापारात विक्रेत्याजवळ माल नसतो. तो संकेतस्थळावर वस्तूंची चित्रे मांडतो, ग्राहकाची मागणी व पुष्कळदा पैसेही आगाऊ घेतो आणि ती मागणी सुरतेच्या, भिवंडीच्या किंवा थेट चीनमधील पुरवठादाराकडे पाठवतो. माल तेथून परस्पर ग्राहकाच्या घरी जातो. दोन किमतींतील फरक हे विक्रेत्याचे उत्पन्न. दुकान नको, गोदाम नको, मोठे भांडवल नको. तेव्हा नोकरीच्या शोधात असलेले पदवीधर या व्यवसायाकडे वळले, तर त्यात नवल नाही.

तीन परक्यांचे वायदे

टपालाने माल मागवण्याची प्रथा आपल्याकडे जुनीच आहे. व्ही. पी.ची पद्धत १८७७ साली सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्यांनी पुस्तके, औषधे, घड्याळे अशीच मागवली. परंतु त्या काळच्या विक्रेत्याजवळ माल बहुधा फडताळात तयार असे. त्याच्या वायद्यात अनिश्चितता होती ती मुख्यतः टपालाची. आजच्या विक्रेत्याच्या एका वायद्यात किमान तीन परक्यांचे वायदे गुंफलेले असतात. पुरवठादार माल वेळेवर बांधून देईल, वाहतूकदार तो शहरात पोचवील आणि शेवटचा माणूस तो दारात नेऊन देईल, या तिन्ही गोष्टी गृहीत धरून तो तारीख सांगतो. यांतील एकही गोष्ट त्याच्या हातात नसते.

समजा, या तिघांपैकी प्रत्येक जण शंभरातून नव्वद वेळा आपली मुदत पाळतो आणि एकाच्या दिरंगाईचा दुसऱ्याशी संबंध नाही. तरीसुद्धा तिघांनीही एकाच वेळी मुदत पाळण्याचे प्रमाण ०.९ चा तीनदा गुणाकार करून येते ०.७२९, म्हणजे शंभरात सुमारे त्र्याहत्तर. तिन्ही दुवे चांगले असूनही चौथ्या हिश्शाहून अधिक पार्सलांच्या बाबतीत एक ना एक दुवा निसटणारच. सारे काही सुरळीत झाले तर जितके दिवस लागतील, तितकेच दिवस ग्राहकाला सांगणारा विक्रेता म्हणूनच अनेकदा खोटा ठरतो, आणि तोही लबाडीचा हेतू नसताना.

यावर उपाय अवघड नाही. विक्रेत्याने पुरवठादाराच्या जाहिरातीवर न विसंबता प्रथम एखादी वस्तू स्वतः मागवून पाहावी. मागील मागण्यांची वही ठेवावी. वीस पार्सलांपैकी अठरा जितक्या दिवसांत पोचली, तितके दिवस ही सांगण्याजोगी मुदत. निम्मी पार्सले जितक्या दिवसांत पोचली, ती नव्हे. पाठवणीचे दिवस आणि प्रवासाचे दिवस वेगळे दाखवावेत. पिनकोडवरून टपाल कोणत्या विभागाचे हे समजते. मधे खाडी आहे की घाट, हे समजत नाही. म्हणून आडबाजूच्या गावांसाठी, दिवाळीच्या गर्दीसाठी आणि पावसाळ्यासाठी मुदत निराळी असावी.

स्पर्धेचा उलटा न्याय

मग हे का घडत नाही? कारण तारीख हेच स्पर्धेचे हत्यार झाले आहे. एकाच वस्तूसमोर एकाने 'चार दिवस' आणि दुसऱ्याने 'दहा दिवस' लिहिले, की मागणी पहिल्याकडे जाते. चार दिवस खरे की खोटे, हे ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी कळण्याचा मार्ग नसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विक्रेत्याला ठाऊक असलेली गोष्ट ग्राहकाला ठाऊक नसेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. येथे तोच न्याय मालाऐवजी वायद्याला लागू पडतो. खोटी तारीख खऱ्या तारखेला हुसकावते.

याची किंमत कोण मोजतो? जूनच्या प्रारंभी मुलासाठी मागवलेला रेनकोट महिनाअखेरीस आला, तर मधल्या काळात पालकाला जवळच्या दुकानातून दुसरा घ्यावाच लागतो. आगाऊ दिलेले पैसे तितके दिवस विक्रेत्याकडे बिनव्याजी पडून राहतात. ग्राहकाने न मागितलेले आणि न मानलेले हे कर्जच होय. विक्रेताही सुटत नाही. पैसे मालाच्या ताब्याच्या वेळी द्यायचे असतील, तर कंटाळलेला ग्राहक पार्सल नाकारतो आणि जाण्यायेण्याच्या दुहेरी वाहतुकीचा भुर्दंड नफा गिळून टाकतो. तेव्हा खोट्या तारखेने मिळालेली प्रत्येक मागणी ही कमाई नव्हे, हे नवख्या विक्रेत्याने ध्यानात घेतले पाहिजे.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अन्वये २०२० साली ई-कॉमर्सचे नियम लागू झाले. ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याने माल पोचवण्याविषयीचा तपशील दिला पाहिजे, असे ते सांगतात. इतकेच नव्हे, तर सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद आहे तो केवळ अटळ आपत्तीचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तशा प्रसंगी कोणीही विक्रेत्याला दोष देणार नाही. पण दरवर्षी जूनमध्ये येणारा पाऊस आणि त्यामुळे रखडणारी वाहतूक यांना आपत्ती म्हणणे म्हणजे पंचांग न पाहिल्याचा दोष नक्षत्रांना देणे होय.

अमेरिकेत १९७५ सालापासून टपाल-विक्रीसाठी याहून नेमका नियम आहे. सांगितलेल्या मुदतीला वाजवी आधार हवा. मुदत सांगितलीच नसेल, तर तीस दिवसांत माल रवाना व्हायला हवा. आणि विलंब होणार असेल, तर ग्राहकाला तसे कळवून मागणी रद्द करण्याची मुभा दिली पाहिजे. 'वाजवी आधार' ही अट महत्त्वाची आहे. विलंब झाल्यावर भरपाई मागण्याऐवजी ती वायद्याच्या क्षणीच हिशेब मागते. आपल्या नियमांतही ती स्पष्टपणे यावी. तोवर ग्राहकाने सांगितलेल्या तारखेची नोंद जपून ठेवावी आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास शुल्कही पडत नाही.

मनोरीसारख्या गावातील तरुणाला हा व्यापार एका अर्थी वरदानच आहे. त्याला गठ्ठे बोटीत चढवून मार्वेला आणावे लागत नाहीत. माल परस्पर जातो आणि विक्रेत्यापुरती खाडी नाहीशी होते. परंतु ज्याच्या दारी माल जायचा, त्याच्यापुढची खाडी, घाट किंवा कच्चा रस्ता जागच्या जागीच राहतो. माल दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची. या विक्रेत्याची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे त्याचा शब्द. तीच खोटी निघाली, तर विकण्यासारखे त्याच्यापाशी काहीच उरत नाही.