आर्थिक लेखन आणि सामान्य वाचक

दरवर्षी केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की वृत्तपत्रांचे रकाने 'राजकोषीय तूट', 'निर्गुंतवणूक', 'महसुली जमा' अशा शब्दांनी भरून जातात. ज्याच्या खिशातून हा पैसा जातो तो वाचक मात्र काय स्वस्त, काय महाग एवढी चौकट पाहून पान उलटतो. याचे खापर वाचकाच्या अनास्थेवर फोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती न्याय्य नव्हे. दोष वाचकाचा नसून लिहिणाऱ्यांचा आहे.

माहिती विपुल झाली की माणसाचे लक्ष दुर्मीळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच सांगून ठेवले आहे. दुर्मीळ वस्तूला किंमत असते, हा तर आमच्या शास्त्राचा पहिला धडा. वाचक आपली दहा मिनिटे खर्च करतो, तेव्हा त्या खर्चाचा मोबदला त्याला मिळावयास नको काय? पहिल्या परिच्छेदात केवळ व्याख्या वाचावयास मिळाल्या, तर दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तो थांबेलच कशाला?

'वार्षिक भाववाढ सहा टक्के' हे वाक्य अचूक आहे. पण ते कोणाला हलवीत नाही. त्याच दराने भाव वाढत राहिले, तर आज वीस हजारांत चालणारे घर बारा वर्षांनी चाळीस हजार मागेल, असे लिहिताच ठरावीक व्याजावर जगणारा निवृत्त शिक्षक ताठ बसतो. गणित तेच, फरक एवढाच की ते त्याच्या घरचे झाले.

विषय कठीण आहे, ही सबब टिकणारी नाही. फ्रेडरिक बास्तिया याने १८४५ साली संरक्षक जकातींविरुद्ध लिहिताना मेणबत्तीवाल्यांचा एक काल्पनिक अर्ज रचला. सूर्य फुकट प्रकाश पुरवून आमचा धंदा बुडवितो, सबब सर्व खिडक्या कायद्याने बंद कराव्यात, अशी त्यात मागणी होती. वाचक हसला आणि हसता हसता युक्तिवाद त्याच्या गळी उतरला. आपल्याकडे लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये 'शतपत्रे' लिहिली. छोटे पत्र, सरळ भाषा आणि वाचकाला झोंबणारा प्रश्न, ही त्यांची रीत होती. 'लक्ष्मीज्ञान' हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ लिहिणारे हेच गृहस्थ, हे विसरता कामा नये.

वाचकाला आकृष्ट करणे म्हणजे त्याला फसविणे मात्र नव्हे. भडक मथळ्याखाली पोकळ मजकूर देणे हे खोटे नाणे चालविण्यासारखे आहे. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हाकलते, हा ग्रेशमचा नियम येथेही लागू पडतो. चार वेळा फसलेला वाचक पाचव्या वेळी प्रामाणिक लेखाकडेही पाठ फिरवितो.

कर कोणी भरावा, अनुदान कोणाला मिळावे, हे प्रश्न सामान्य नागरिकाच्या ताटातील भाकरीचे आहेत. ते त्याला कळेल अशा मराठीत मांडले गेले नाहीत, तर निर्णय त्याच्या नावाने होतील, पण त्याच्यावाचून होतील. लोकशाहीला ही तूट परवडणारी नाही.