उन्हाच्या शोधातले वार्धक्य

ब्रिटनमधील नोकरदाराने निवृत्तीनंतर स्पेनच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावर, बेनिडॉर्म वा तोरेव्हिएखासारख्या गावी बिऱ्हाड थाटावे, ही रीत गेल्या काही दशकांत चांगलीच रूढ झाली. तेथे ऊन मुबलक, राहणी तुलनेने स्वस्त आणि शेजारीपाजारी देशबांधवांचीच वस्ती.

तथापि अशा गावाची निवड केवळ समुद्र पाहून करण्याचे दिवस आता संपले आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. त्या वर्षअखेरपर्यंत तेथे स्थायिक झालेल्यांचे हक्क करारान्वये शाबूत राहिले. नव्याने जाणाऱ्यास मात्र व्हिसाविना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. कायम मुक्काम करायचा तर उत्पन्नाचा आणि वैद्यकीय संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. निवृत्तिवेतनाचाही प्रश्न आहेच. स्पेनमध्ये राहणाऱ्याचे ब्रिटिश सरकारी निवृत्तिवेतन दरवर्षी वाढते. ऑस्ट्रेलियात वा कॅनडात गेलेल्याचे आहे तेथेच गोठते. महागाई मात्र कोणासाठी थांबत नाही.

कायद्याची ही कटकट निस्तरली, तरी वयाची उरतेच. पासष्टीत टेकडीवरच्या घरातून दिसणारा समुद्र मोह घालतो; ऐंशीत तीच टेकडी चढवत नाही. जोडीदार निवर्तल्यावर डॉक्टरला आपले दुखणे परक्या भाषेत सांगावे लागते. म्हणून अशा गावाची पारख आयुष्याच्या अखेरच्या वर्षांच्या हिशेबाने करणे शहाणपणाचे. रुग्णालय किती दूर, भाषा कितपत अवगत आणि वेळ आलीच तर मायदेशी परतून घर करण्याइतकी पुंजी शिल्लक राहील काय, याची उत्तरे घर विकण्यापूर्वीच शोधलेली बरी.