शेवटचं शून्य

शनिवारची रात्र, साडेअकरा. मागवलेली पावभाजी गार झालेली, सिनेमा पहिल्या वीस मिनिटांवरच पॉझ केलेला आणि माझी रूममेट लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसलेली. चेहरा असा, की जणू कुणी तिची स्कूटी टो करून नेलीये.

"काय झालं गं?"

"नावं गेली."

"कुणाची?"

"सगळ्यांची!"

मी वाकून पाहिलं. 'खातेदाराचे नाव' असा रकाना आणि त्याखाली ओळीने नुसती प्रश्नचिन्हं. वरपासून खालपर्यंत. एखाद्या पेपरात सगळे प्रश्न आलेत आणि उत्तर कुणालाच येत नाही, तसं.

आता बाईसाहेबांच्या कामाबद्दल थोडक्यात. त्यांची कंपनी एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर वेबवर नेत होती. जुनं म्हणजे डेस्कटॉपवालं. काउंटरवरच्या पीसीत इन्स्टॉल केलेलं, तो पीसी चालू असेल तरच चालणारं. नवीन म्हणजे वेबवालं. खातेदाराने घरी सोफ्यावर बसून मोबाइलवर आपला बॅलन्स बघायचा. मुहूर्त सोमवारी सकाळी दहाचा. आणि शनिवारी रात्री साडेतीन हजार खात्यांच्या मालकांची नावं गायब!

खरं सांगू? दुसऱ्याच्या ऑफिसातला लोच्या बघायला आपल्याला एक गुपचूप मजा येते. मीही जरा मजेतच होते. मग माझी नजर तिच्या दुसऱ्या विंडोवर गेली. तिथे मॅनेजरला पाठवायची एक मेल अर्धी टाइप केलेली होती. मजकूर साधारण असा, की डेटा हलवण्याचं काम अमुक ज्युनिअरने केलं होतं, चूक त्याच्याकडून झालेली दिसते. तो ज्युनिअर बिचारा प्रोबेशनवर होता. तीन महिने झाले होते नोकरीला.

"त्याचीच चूक आहे हे नक्की कळलंय?" मी विचारलं.

"मग आणखी कुणाची असणार?"

मॅडमनी दोन तासांत काय काय केलं होतं? वेबपेजचं सेटिंग बदललं, डेटाबेसचं सेटिंग बदललं, सर्व्हर बंद करून चालू केला. थोडक्यात, अंगारे-धुपारे झाले होते. निदान झालं नव्हतं.

"मला पहिल्यापासून सांग. मला यातलं काही कळत नाही असं समजून."

"समजायचं काय त्यात?" ती म्हणाली. पण सांगायला लागली.

नंतर कळलं, की नकळत मी एका थोर परंपरेत सामील झाले होते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात एका प्रोग्रॅमरचा किस्सा आहे. हा गडी एक पिवळं रबरी बदक जवळ बाळगायचा. कोड अडला की त्या बदकाला ओळ न् ओळ समजावून सांगायचा. बदक काही बोलत नाही, पण सांगता सांगता आपलंच आपल्याला दिसतं, कुठे गडबड आहे ते. जगभरच्या आयटीवाल्यांच्या टेबलावर म्हणून बदकं असतात. आमच्या फ्लॅटमध्ये मी आहे.

तर बदकाला मिळालेला पहिला धडा असा. स्क्रीनवर मराठीची वाट लागते, तिच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा आजार वेगळा असतो.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर डेटा ठणठणीत आहे. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट तेवढा नाही. फॉन्ट टाका, विषय संपला.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यापुढे चार शिंगांचं गोल आणि हीच जोडी पुनःपुन्हा दिसली, तर डेटा बहुतेक शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. युनिकोड साठवण्याची जी यूटीएफ-८ नावाची पद्धत आहे, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. समोरचा प्रोग्रॅम ते तीन बाइट म्हणजे तीन वेगवेगळी अक्षरं समजून वाचतोय. त्याला नीट वाचायला सांगितलं, की मराठी परत येते.

पण खरीखुरी प्रश्नचिन्हं दिसली, तर मामला गंभीर. याचा अर्थ वाटेत कुणीतरी मराठी अक्षर अशा जागी भरायला गेलं, जिथे मराठीला जागाच नव्हती. मग त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमने अक्षर फेकलं आणि तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं. अशी फाइल कितीही सेटिंगं बदला, सुधारत नाही. त्यात आता खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत. मूळ फाइलकडे परत जाणं हाच एक इलाज.

"पण नावापेक्षा प्रश्नचिन्हं जास्त का आहेत?" मी बदकसुलभ शंका काढली. एक नाव आम्ही जुन्या यादीशी ताडून पाहिलं होतं. 'क्षितिजा'. अक्षरं तीन, प्रश्नचिन्हं मात्र आठ.

ती पहिल्यांदा हसली. आपल्याला 'क्षि' हे एक अक्षर दिसतं. कंप्युटरसाठी ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं असतात. 'ति' ची दोन, 'जा' ची दोन. एकूण आठ, म्हणजे चोवीस बाइट! म्हणूनच कुणी फॉर्ममध्ये नावाला वीस बाइटची जागा ठेवली, तर क्षितिजाचा 'जा' कापला जातो आणि मुलगी भलत्याच नावाने हाका ऐकते.

बरं, मग नावं गेली कुठे? इथे तिने दुसरी गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता स्वतःच दचकली. समजा, पुण्याला गाडीत बॅग चढवली आणि दादरला ती नाही. आपण काय करू? दादरच्या फलाटावर दोन तास बाकांखाली शोधत बसू? नाही. आधी मधलं स्टेशन गाठू. कर्जतला बॅग होती का? होती, तर पुढे शोधायचं. नव्हती, तर मागे. दर वेळी निम्मी वाट बाद. हजार जागा असल्या, तरी दहा फेऱ्यांत चोर सापडतो.

"आणि मी दोन तास दादरलाच बसलेय," ती म्हणाली.

तिच्या डेटाची स्टेशनं सहा. जुनं सॉफ्टवेअर, त्यातून काढलेली टेक्स्ट फाइल, तिच्यापासून बनवलेली सीएसव्ही फाइल, डेटाबेस, सर्व्हरवरचा कोड आणि वेबपेज. तिने मधलं स्टेशन गाठलं. डेटाबेस थेट उघडला. प्रश्नचिन्हं. म्हणजे पुढचा कोड आणि वेबपेज निर्दोष! मग टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळी नावं मराठीत, ठसठशीत. मग सीएसव्ही. प्रश्नचिन्हं! तीन क्लिक. चार मिनिटं. दोन तास ज्यांच्यावर उपचार चालले होते, त्यांना काही झालेलंच नव्हतं.

बारा वाजून गेले होते, तरी तिने ज्युनिअरला फोन लावला. स्पीकरवर.

"मॅडम, मी फक्त फाइल एक्सेलमध्ये उघडली, नको असलेला एक कॉलम डिलीट केला आणि 'सेव्ह ॲज' करून सीएसव्ही निवडलं. सेव्ह केल्यावर पण नावं नीट दिसत होती, शप्पथ."

आणि तो खरं बोलत होता. एक्सेलच्या त्या यादीत सीएसव्ही एकच नाही. 'कॉमा डिलिमिटेड' म्हणून एक आहे, तिच्यात आपल्याकडच्या नेहमीच्या विंडोज सेटिंगवर मराठीला जागा नसते. 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून दुसरी आहे, तिच्यात असते. पहिली निवडली तरी स्क्रीनवर नावं जशीच्या तशी दिसत राहतात. फाइल बंद करून पुन्हा उघडली, की मग कळतं काय हरवलं ते. पण नुकतीच सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडून बघतो कोण? तुम्ही बघता? मी तर नाही.

"ओके, कळलं. झोप तू," ती म्हणाली. फोन ठेवणार, तेवढ्यात पोरगा म्हणाला, "आणि मॅडम, ते खाते नंबर पण जरा विचित्र दिसत होते. मध्येच ई आणि प्लस वगैरे. ते मी फॉरमॅट बदलून नीट केले."

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, चांगलंच केलं की त्याने. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

तिने खाते क्रमांकांचा रकाना उघडला. सोळा आकडी नंबर, दिसायला एकदम झकास. फक्त एक गोष्ट. प्रत्येकाच्या शेवटी शून्य. साडेतीन हजारच्या साडेतीन हजार खात्यांच्या शेवटी शून्य!

भानगड अशी, की एक्सेल कुठलीही संख्या पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक धरून ठेवतं. सोळावा आकडा आला, की त्याच्या जागी गुपचूप शून्य. ना एरर, ना लाल अक्षरं. ज्याचा शेवट ३४५१ तोही ३४५०, ज्याचा ३४५९ तोही ३४५०. दहा शेजाऱ्यांचं एकच खातं! नवरा-बायको एकाच दिवशी गेले, लागोपाठच्या नंबरांची खाती उघडली, तर दोघं एक. सोमवारी सकाळी कुणाची एफडी कुणाच्या मोबाइलवर दिसली असती, देव जाणे. तिने एक साधी मोजणी करून पाहिली. खाती साडेतीन हजार, पण वेगळे नंबर जेमतेम साडेतीनशे. एकच नंबर दोनदा आला तर डेटाबेसने अडवावं, असा नियम लावायचा असतो. तो कुणी लावलाच नव्हता.

विचार करा, नावं मराठीऐवजी इंग्रजीत असती तर? प्रश्नचिन्हं आलीच नसती. ती घसा फोडून ओरडली, म्हणून आम्ही जागे झालो. खरा चोर शेवटच्या शून्यात मुकाट बसला होता.

तुम्ही म्हणाल, ही तर नवशिक्यांची चूक. मग ऐका. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून १५,८४१ कोरोनाबाधित सुटले होते. कारण? एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत होतं. शास्त्रज्ञ हरले, तर प्रोबेशनवरचा पोरगा काय!

रात्री अडीचपर्यंत बाईसाहेबांनी सगळं पुन्हा केलं. या वेळी एक्सेलला हातच लावला नाही. नको असलेला कॉलम कोड लिहून काढला, फाइल यूटीएफ-८ ठेवली आणि खाते क्रमांक संख्या म्हणून नाही, मजकूर म्हणून साठवला. त्यामागचा तिचा फंडा मी फ्रिजवर लिहून ठेवलाय. ज्या आकड्याची तुम्ही कधीच बेरीज करणार नाही, तो आकडा नसतोच, ते नाव असतं. फोन नंबर, पिनकोड, एम्प्लॉयी कोड, खाते नंबर. दोन फोन नंबरांची बेरीज करून पाहिलीये कुणी? तुमच्या एक्सेलमध्ये ००४२ चा ४२ होतो, तोही याच कारणाने. आधी त्या कॉलमचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मग टाइप करा. नंतर केलात तर उपयोग नाही. गेलेला आकडा परत येत नाही.

शेवटी तिने डेटाबेसला 'एक नंबर एकदाच' हा नियम लावला आणि दोन्हीकडची खाती मोजली. साडेतीन हजार तिकडे, साडेतीन हजार इकडे, सगळे नंबर वेगळे.

मग तिने ती मेल उघडली. बराच वेळ बघत बसली.

"माहितीये, मी टेस्टिंग कसं केलं होतं?" ती म्हणाली. "नाव टाकलं इंग्रजीत, टेस्ट टेस्ट. खाते नंबर १२३४५. दोन्ही नीट दिसलं, म्हणून मी ओके म्हटलं. मी एक जरी मराठी नाव आणि एक जरी सोळा आकडी नंबर टाकला असता, तर हे बुधवारीच सापडलं असतं."

अर्धी मेल डिलीट झाली. नव्या मेलमध्ये 'कुणी केलं' नव्हतं, 'कुठे झालं' होतं. कुठल्या टप्प्यावर काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. टेस्टिंग आपण अपुरं केलं, हे तिने स्वतःच्या नावाने लिहिलं. ज्युनिअरचं नाव एकदाच आलं. त्याने फॉरमॅट बदलल्याचं स्वतःहून सांगितलं, म्हणून मोठी चूक वाचली, असं.

मला त्या रात्री कोडिंग आलं नाही. पण ऑफिसात काही बिघडलं, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न 'कुणी?' असा निघतो. त्याचं उत्तर मिळालं की आपण शोधणं थांबवतो. तिने ती मेल साडेअकराला पाठवली असती, तर माणूस सापडला असता आणि शून्य तसंच राहिलं असतं. 'कुठपर्यंत ठीक होतं?' हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं जास्त लागतात. बदक असलं तर तेवढीही नाही.

सोमवारी दहाला सगळं सुरळीत सुरू झालं. सव्वादहाला पतसंस्थेतून फोन! तिने श्वास रोखून उचलला.

"मॅडम, सगळं फस्क्लास आहे. फक्त आधी आडनाव पाहिजे, मग नाव, मग वडिलांचं. आमच्याकडे तसंच असतंय."

हा बग नाही म्हणे. हा महाराष्ट्र आहे!