आधी लॉग वाचा!

मित्रहो, फेस्टच्या साइटचं सर्टिफिकेट बदललं, सर्व्हर रिस्टार्ट केला, साइट उघडली, की आपण चहाला मोकळे! रात्री कुणीतरी एरर लॉग उघडतो, तर तिथे ओळीच ओळी. मग रूमवर सल्लागारांची गर्दी. कुणी म्हणतो, "जुनं सर्टिफिकेट परत टाक." कुणी म्हणतो, "लॉग लेव्हल कमी कर." आणि सर्वांत वाईट म्हणजे, "क्लायंटमध्ये व्हेरिफिकेशनच बंद कर, मिटलं!" माझं मत स्पष्ट आहे: लॉग न वाचता दिलेला सल्ला म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पहिला प्रश्न विचारा, तक्रार कोणाची? एनजिनएक्सच्या लॉगमध्ये 'अननोन सीए, अलर्ट नंबर ४८' दिसलं, तर ती सर्व्हरची तक्रार नव्हे. समोरच्या मशिनने कळवलंय की सही करणाऱ्याला मी ओळखत नाही. सर्व्हरने फक्त नोंद केली. अशा वेळी इंटरमिजिएट सर्टिफिकेट जोडायचं राहिलं का, ते आधी पाहावं. "पण माझ्या ब्राउझरवर चालतंय की!" हा पुरावा होत नाही. ब्राउझरकडे तो मधला दुवा आधीच असू शकतो, किंवा तो स्वतः शोधून आणतो. कर्ल किंवा जावाचा प्रोग्रॅम सहसा एवढे कष्ट घेत नाही.

उलट 'की व्हॅल्यूज मिसमॅच' आलं, तर दोष आपल्याच घरात: सर्टिफिकेट नवं, प्रायव्हेट की जुनी. 'नो शेअर्ड सायफर' दिसू लागलं, तर कीचा प्रकार बदलला का ते बघा. सर्टबॉटने २०२२ मधल्या २.० आवृत्तीपासून नव्या सर्टिफिकेटसाठी आरएसएऐवजी ईसीडीएसए की डीफॉल्ट केली. काही जुन्या क्लायंटना ती झेपत नाही.

दुसरा प्रश्न, हीच ओळ सर्टिफिकेट बदलण्यापूर्वीच्या लॉगमध्ये होती का? ४४३ पोर्टवर साधं एचटीटीपी बोलणारे बॉट रोजच येतात. आपण लॉग आजच उघडला, म्हणून नव्या सर्टिफिकेटवर खापर फोडायचं कारण नाही.

३० सप्टेंबर २०२१ चं उदाहरण घ्या. त्या दिवशी 'डीएसटी रूट सीए एक्स३' या रूटची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं वैध होती, तरी ओपनएसएसएल १.०.२ वापरणारे अनेक जुने क्लायंट अडले. नवं रूट त्यांच्याकडे असूनही ते साखळी धरून मुदत संपलेल्या रूटपाशीच जात. उपाय होता तो क्लायंट अपग्रेड करण्याचा किंवा त्याच्या यादीतून जुनं रूट काढण्याचा. व्हेरिफिकेशन बंद केल्याने एरर जाते खरी, पण समोर आपलाच सर्व्हर आहे की मध्ये बसलेला भामटा, हे मग कोण सांगणार?

हा प्रसंग आता वरचेवर येणार. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस, असं वेळापत्रक ठरलं आहे. म्हणजे दर दीड महिन्याला हीच धावपळ! बदलण्याचं काम स्क्रिप्ट करेल, पण बदलल्यावर काय बिघडलं हे वाचायला माणूसच लागणार.

तेव्हा मंडळी, आधी लॉग वाचा, मग कीबोर्डला हात लावा. चहा कुठे पळून जात नाही.